धाकटीने कॉम्प्युटरमध्ये बाबांना मारलं

आमची धाकटी नक्की काय काम करते, हे मला वीस वर्षांत कुणाला धड सांगता आलेलं नाही. कुणी विचारलं की मी म्हणते, कॉम्प्युटरमध्ये आहे. की ही फणकारते. "ताई, मी माणसांत असते गं. कॉम्प्युटरवाले नंतर येतात." तिच्या कार्डावर सिस्टम अ‍ॅनालिस्ट असं छापलंय. माझ्या भाषेत सांगायचं तर दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचा तिला पगार मिळतो.

खोड जुनीच आहे. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. ही सात वर्षांची असताना टेबलाशी उभी राहून विचारायची, हे चाक काढलं तर काय होईल? एकदा काढलंच. बाबांनी रागवायचं सोडून तिच्या हातात कागद दिला आणि कुठलं चाक कुठल्या चाकाला फिरवतं त्याचं चित्र काढायला लावलं. तेव्हाच कानाखाली एक दिली असती तर पुढचं सगळं टळलं असतं, असं माझं आजही मत आहे.

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे. सव्वीस वर्षं झाली. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर फायली, आणि कुठलीही फाईल मागा, दोन मिनिटांत खिडकीवर हजर. त्याचा मला गर्व आहे, माज म्हणा हवं तर. यंदा निवृत्त व्हायचं ते एकही डाग न लागता, एवढंच मनात होतं. आणि गेल्या वर्षी वरून हुकूम आला की सगळं कागदी काम कॉम्प्युटरवर जाणार. त्यासाठी जी कंपनी नेमली, तिच्यातर्फे बॅग खांद्याला लावून आली कोण? तर आमचं हे रत्न!

तिची कामाची रीत मी डोळ्यांनी पाहिली, म्हणून सांगते. आधी ऐकायचं, मग लिहायचं, मग चौकोन आणि बाण काढायचे, मग त्यावरून प्रोग्रॅम बांधायचा, मग तो मोडतो का ते बघायचं, मग चालू करायचा आणि मग जन्मभर लोकांच्या शिव्या खायच्या. याला त्यांच्यात जीवनचक्र म्हणतात म्हणे. त्यातलं ऐकायचं काम हिचं. पण ही नुसती ऐकत नाही. औषधांच्या कोठारात ती स्टूल टाकून आठवडाभर गप्प बसली. कोठारवाल्याने आधीच छातीठोक सांगितलं होतं, चिठ्ठीशिवाय इथून गोळी हलत नाही. हिने पाहिलं, तर निम्मी औषधं वॉर्डातली नर्स जिन्यातून आरोळी ठोकायची तेव्हा जायची आणि चिठ्ठी संध्याकाळी यायची. हिने चित्रात चक्क एक चौकोन काढला आणि आत लिहिलं, 'जिन्यातली आरोळी'. कोठारवाला आठ दिवस तिच्याशी बोलला नाही.

माझ्या खोलीत मात्र ती बसली नाही. "तुझं मला सगळं माहितीये," म्हणाली. एका दुपारी वही घेऊन आली आणि यादीतून प्रश्न विचारत सुटली. मीही नियमांचं पुस्तक पुढ्यात धरून फाडफाड उत्तरं दिली.

"रुग्ण वारला की फाईल?"

"त्याच दिवशी बंद. तळघरात."

"पुन्हा कधी उघडावी लागते?"

"कधीच नाही."

"कधीच?"

"अगं, मेलेला माणूस काय तपासायला येतो का?"

ती हसली, तिने लिहून घेतलं. तिच्या कागदपत्रांत ते झालं कलम सतरा. खाली माझी सही.

पुढे प्रोग्रॅम तयार झाला, नवीन वर्षापासून चालूही झाला. आणि मार्चमधल्या एका मंगळवारी माझ्या तोंडचं पाणी पळालं.

बाबांचा उजवा डोळा लहानपणीच गेलेला. सगळं आयुष्य डाव्या डोळ्याला भिंग लावून काढलं. त्याच डोळ्यात आता मोतीबिंदू, तोही पिकलेला. भिंतीला हात लावत न्हाणीघरात जायचे, पण कबूल करायचे नाहीत. शस्त्रक्रियेची तारीख जुन्या कागदी वहीतच ठरली होती, गुरुवारची. करणारे डॉक्टर बाहेरून यायचे आणि त्यानंतर चार महिने येणार नव्हते. मंगळवारी यादी निघाली, तीत बाबा नाहीत. मी नंबर टाकला. पडद्यावर लाल अक्षरं आली. 'रुग्ण मृत. फाईल बंद.'

आणि जिवंत रुग्ण बाहेर बाकावर बसून शेजारच्याला घड्याळाला किल्ली कशी द्यावी यावर व्याख्यान देत होता.

धाकटीला फोन केला. ती धावत आली, पडदा पाहिला आणि मटकन खाली बसली. "ताई, हे मी केलंय."

झालं होतं असं. प्रोग्रॅम तपासायला त्यांनी शंभरेक बनावट रुग्ण तयार केले होते, सगळ्यांचे नंबर नऊने सुरू होणारे. पण जुन्या फायली नीट उघडतात का हे बघायला एक खरा नंबर हवा होता आणि हिला एकच पाठ होता. मग हिने बाबांना दाखल केलं, घरी सोडलं, पुन्हा दाखल केलं आणि शेवटी, सगळ्या वाटा तपासल्याच पाहिजेत म्हणून, मारून टाकलं. चालू करायच्या आधी बनावट माणसं पुसली ती नऊच्या नंबरावरून. बाबा खरे निघाले, म्हणून मेलेलेच राहिले!

"अगं कार्टे, जन्मदात्याला?" मी ओरडले. "उघड ती फाईल आधी!"

"उघडत नाही. तशी सोयच ठेवली नाही. कलम सतरा."

खाली सही माझीच.

"मागच्या दाराने काहीतरी कर ना. तुम्हाला जमतं म्हणे."

"जमतं," ती म्हणाली. "पण आज मी गुपचूप बाबांना उठवलं तर उद्या दुसऱ्या कुणाचे वडील असेच मरतील, आणि त्यांची मुलगी इथे कामाला नसेल. बदलाचा अर्ज करावा लागेल. त्यात लिहावं लागतं की आजवर हे काम कसं चालायचं. मी माझी चूक लिहिते. पण ताई, खरं सांग. सव्वीस वर्षांत एकदाही नाही?"

मी बाहेर बाकाकडे पाहिलं. बाबा कुणीतरी दिलेला चहाचा कप हाताने चाचपत होते. कप समोरच होता.

"लिही," मी म्हणाले. "मृतांची फाईल मी त्याच दिवशी तळघरात कधीच पाठवली नाही. महिनाभर त्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते. वॉर्डात खाटा बदलतात आणि नोंद खाटेच्या नंबरावर होते. कधीकधी कागदावर भलताच माणूस मरतो."

धाकटीने वर पाहिलं. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू कोठारात आठवडाभर बसलीस. माझ्याकडे एक दुपार. विचारलंस पुस्तकातलं, मी सांगितलं पुस्तकातलं."

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण तिने अर्जाचा कागद काढून माझ्यापुढे सरकवला.

अर्ज माझ्या हस्ताक्षरात लिहिला. अधीक्षक मॅडम कडक, नियमाला सोडून शिंकणार नाहीत अशा. त्यांच्यासमोर अर्ज ठेवला. निरोपाचा हारतुरा गेला, चौकशी लागणार, असं धरूनच गेले होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"असे किती लोक परत आले?"

"एकतीस."

"मोजलेत?"

"लक्षात आहेत, मॅडम."

"आणि आपण मेलो होतो हे त्यांना कधी कळलं?"

"नाही. मी सांगायचे, फाईल सापडत नाहीये, पाच मिनिटं बसा."

मॅडमनी अर्ज पुन्हा पुढे ओढला. मग पेन काढलं. "सही करते. पण ही पद्धत आता नियमात येऊ दे. आणि वॉर्डातल्या खाटांचं आधी बघा." माझ्याबद्दल अवाक्षर नाही. बाहेर आल्यावर धाकटीने मला घट्ट मिठी मारली, भर गॅलरीत. मी म्हटलं, पुरे आता, लोक बघतायत. पण सोडलं नाही मीसुद्धा.

बुधवारी सकाळी खोली उघडली तर ही बया स्टूल घेऊन माझ्या आधी हजर! दिवसभर तोंडातून शब्द नाही, नुसती बघत होती. मी कुठली फाईल बाजूला ठेवते, कुणाच्या म्हाताऱ्या आईला रांगेतून पुढे घेते, सगळं. अंगाचा तिळपापड झाला माझ्या, पण दुपारपर्यंत तिची वही भरली आणि मला जरा बरंही वाटलं. संध्याकाळी तिच्या माणसांनी नवी सोय बसवली आणि बाबा कागदोपत्री जिवंत झाले. यादीत शेवटचं नाव त्यांचं लागलं.

गुरुवारी शस्त्रक्रिया झाली. शुक्रवारी पट्टी काढली तेव्हा आम्ही दोघी खाटेच्या दोन बाजूंना श्वास रोखून उभ्या. बाबांनी डोळ्याची उघडझाप केली, पाणी पुसलं. आधी मला नीट न्याहाळलं, मग धाकटीला. पुन्हा मला.

"अगं," ते म्हणाले, "तुम्ही दोघी इतक्या म्हाताऱ्या कधी झालात?"

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी चाललं होतं, तरी तिला राहवलं नाही.

"तुम्ही वारला होतात ना बाबा," ती म्हणाली, "तेव्हा."