उजवी पाकळी

नातीच्या नव्या बास्केटबॉलच्या रबरी वासाने मला पेडण्यातल्या आमच्या देवळात नेलं. गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता आणि मी, ताडासारखी वाढलेली अतिशहाणी, भारताच्या संघातून परदेशी खेळायला निघाले होते. बाबांनी देवाला कौल लावला. मूर्तीवर चिकटवलेल्या ओल्या पाकळ्यांतली उजवी पडली तर जायचं, डावी पडली तर नाही. बास्केटवर रोखावी तशी मी उजवीवर नजर रोखली. पडली डावीच.

"भटजी, वारो इलो. परत लावा," बाबा म्हणाले.

गाभाऱ्यात समईची ज्योतही हलत नव्हती. दुसऱ्यांदा उजवी पडली. माझ्या नजरेनेच पाडली, असं समजून मी टुणकन उडी मारली! पुढे देशोदेशी खेळले. देवाचा शब्द कधी न मोडणाऱ्या बाबांनी तेव्हा देवापुढे स्वतःचे कान पकडले होते, ते मला आता दिसतं.