सासूबाईंच्या पदराची गाठ

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा बिलकुल विश्वास नव्हता. मी नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये उगवण तपासते. बी उगवलं किंवा नाही उगवलं... मधलं काही आमच्या रजिस्टरात लिहीत नाहीत.

गेल्या वर्षी पोट दुखायला लागलं, ताप हटेना. सोनोग्राफी, मग सीटी — डाव्या अंडाशयावर मोठी गाठ. संभाजीनगरच्या सर्जन मॅडम स्पष्ट बोलल्या, "कॅन्सरच दिसतोय. दोन्ही अंडाशयं आणि गर्भपिशवी काढावी लागेल." लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मला पहिल्या वाक्यापेक्षा दुसऱ्याचीच जास्त भीती वाटली. सही केली.

ऑपरेशनच्या सकाळी सासूबाई अंकुशनगरहून आल्या. त्यांची एक खोड — काही आठवणीनं करायचं असलं की पदराला गाठ मारायची, आणि मग ती कशाची तेच विसरायचं. घरात कायम चेष्टा. त्या दिवशीही गाठ होतीच.

"आई, ही कशाची?" ह्यांनी विचारलं.

"काय की बाबा. मी मारल्याचंच ध्यानात न्हाई. उठले तं होती."

"चहापत्ती संपली असेल," मी म्हटलं. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या हसू आलं.

पुढचं ह्यांनी सांगितलेलं. मला आत नेल्यावर सासूबाईंनी गाठ सोडली. आत काही नव्हतं, नुसता पिवळाधम्मक डाग. त्या ताडकन उठल्या. "अगं बाई! डॉक्टरीणबाईला सांगायचंच ऱ्हायलं. पिवळं दिसलं तं थांबा म्हणावं!"

"आई, लोक हसतील."

"हसू दे!" म्हणत त्यांनी थिएटरचं दार वाजवलं. एका सिस्टरनं, कटकट नको म्हणून, निरोप आत नेला.

मॅडमनी मला तिसऱ्या दिवशी सांगितलं. आत सगळं एकमेकांना चिकटलेलं, कुणीही कॅन्सरच म्हणेल असं. निरोप ऐकून सगळे हसले. मग डावं अंडाशय काढून कापलं, तर आतून पिवळं. "मी थांबले. खरं सांगू? एरवी नसते थांबले." तुकडा लगेच तपासायला पाठवला. कॅन्सर नव्हता, जुनी सूज होती. बाकीचं सगळं तसंच ठेवलं. रिपोर्टवर नाव होतं झँथोग्रॅन्युलोमॅटस ऊफोरायटिस... फार दुर्मिळ म्हणे. "झँथो म्हणजे पिवळं," मॅडम म्हणाल्या.

सासूबाईंना खोदून खोदून विचारलं, कुणी सांगितलं तुम्हाला?

"कुणी न्हाई गं. गाठ सोडली अन् आठवलं. गॅसवरचं दूध आठवतं न्हाई का, बराबर तसं."

मी पदराचा वास घेऊन पाहिला. हळद नव्हती. डाग पहिल्याच धुण्यात गेला. हे सगळं काय होतं, मला आजही सांगता येत नाही.

सध्या मला पाचवा महिना आहे. परवा सासूबाई आल्या, आणि पदराला गाठ!

"ही कशाची?"

"ध्यानात न्हाई."

या वेळी कुणी हसलं नाही. दिवसभर सगळे त्या गाठीकडे बघत होते, हात कुणी लावेना. शेवटी मीच म्हटलं, "आई, सोडा."

सोडली. आत डाग नव्हता.

"आठवलं का?" मी विचारलं.

"हां," त्या म्हणाल्या. "चहापत्ती संपलीय तिकडं."

मी त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले.