हात वर करून झालेला खासदार

"हात काय गं, समद्यांलाच हाईत! रस्त्यावरच्या कुत्र्याला उभं केलं तरी लोक हात वर करत्याल. मला मत पायजे. येकच. पर खरंखुरं, मोजलेलं मत."

"आणि ते मिळालं की काय करायचं? वाळत घालायचं का लोणचं घालायचं?" जेबेझच्या बायकोनं, झिलानं, विचारलं.

जेबेझ शॉरॉक आमच्या क्रॉशॉ गावात लाकडी तळाचे बूट करायचा. गिरणीच्या ओल्या फरशीवर दुसरं काही टिकतच नाही, त्यामुळं अख्खं गाव पायानं त्याच्या ओळखीचं. मताच्या हक्काची सनद लिहून तिच्यावर सह्या गोळा करणाऱ्या सनदवाल्यांचा म्होरक्या तोच. प्रत्येक मर्दाला मत हवं आणि ते गुपचूप देता यायला हवं, हे तो गेली दोन वर्षं दारूच्या गुत्त्यात, प्रार्थनाघरात, एकदा तर मयतीलाही बोंबलून सांगत होता. अठराशे एकेचाळीस सालच्या निवडणुकीत आम्ही त्यालाच उभा केला.

आमच्याकडचा दस्तूर असा. आधी चौकात सगळ्यांनी हात वर करायचे. मग हरलेल्यानं मोजणी मागायची, आणि त्या मोजणीत फक्त मोठ्या घरवाल्यांनी मत द्यायचं. मोठी घरं तीनशेच्या आसपास. हात मात्र हजारोंनी.

हात जेबेझचेच जास्त भरले. नगराध्यक्षाला कडू तोंडानं तसं पुकारावं लागलं. समोरचा उमेदवार गिरणीमालक हार्डकॅसल. त्याच्या कॉलरवर कुणीतरी अंडं फोडलेलं. ते पुसून तो मोजणी मागेपर्यंत जेबेझ आमचा खासदार होता. तेवढ्यात एका म्हातारीनं त्याची बाही धरली.

"खासदारसाहेब, शेजाऱ्याचं डुक्कर माझ्या न्हाणीत शिरतंय."

"बघतो," जेबेझ म्हणाला. आणि तेवढ्यात त्याची खासदारकी गेली.

दुसऱ्या दिवशी मतं. मचाणावर चढायचं आणि आपल्या उमेदवाराचं नाव सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगायचं. पहिला चढला जेबेझच.

"घर केवढं?" कारकुनानं विचारलं.

"खाली येक खोली, वर अर्धी."

"मत नाही. उतर."

"अवो, मी उमेदवार हाय!"

"म्हणून तर उभं राहू दिलंय. मत कुठं दिलंय?"

दुपारपर्यंत जेबेझच्या नावावर भोपळा. तो चौकात गायीसारखा उभा. झिलानं पदर खोचावा तसा एप्रन खोचला, आळीतल्या बाया गोळा केल्या आणि टायटस क्लेग खाटकाच्या दुकानापुढं जाऊन उभी राहिली. टायटसचं घर मोठं. त्याच्याकडचं मऊ मांस हार्डकॅसलच्या कोठीत जायचं, आणि खूर, आतडी आमच्या पोटात.

"टायटसभावजी, आज तुमच्या जिभेवर कुणाचं नाव येतंय ते ऐकायला आलोय. भलतं आलं तर उद्यापास्नं खूर तुम्हीच चघळा."

जेबेझ धावत आला. "झिला, चल घरला! मत त्याच्या मनातलं. मी हेच तर सांगत फिरतोय!"

"तुमची सनद पास हू द्या, मग आम्ही कान झाकून घेऊ. तवर उघडंच हाईत."

टायटस घामानं भिजला. "जेबेझ, तुझी ती गुपचूप मताची मागणी आज सकाळीच मंजूर झाली असती तर लई बरं झालं असतं बघ. आण सनद, आत्ता सही करतो!"

सनदेला नवा माणूस मिळाला, पण मत राहिलंच. बायांनी टायटसला मचाणापर्यंत पोचवला. एका अंगाला हार्डकॅसलचे मुकादम, दुसऱ्या अंगाला बाया. टायटसनं डोळे मिटले आणि दाढ उपटताना ओरडावं तसा ओरडला, "शॉरॉक!"

बायांनी एवढा कल्ला केला की बँडवाल्याचा घोडा ढोलासकट पळाला. जेबेझ मात्र लालबुंद होऊन जमिनीकडं बघत राहिला.

संध्याकाळी हार्डकॅसल निवडून आला. जेबेझला एक मत.

दुसऱ्या दिवशी सकाळी टायटस जेबेझच्या दुकानात आला. हार्डकॅसलच्या कोठीची स्वयंपाकीण त्याच्या दारावरून तोंड फिरवून गेली होती.

"अर्धा बैल टांगलाय. कोण खाणार? तुझी आळी?"

"आळीला खूर पुरत्यात," जेबेझ म्हणाला. मग जरा घुटमळला. "टायटस, येक सांग. ते मत तू मनापास्नं दिलंस का बायांच्या भ्यानं?"

"ते गुपित हाय," टायटस म्हणाला, आणि फाटका बूट त्याच्या पुढ्यात आपटला. "ह्याचा तळ बघ."

दारात गिरणीच्या पोरी एका पायात बूट घालून खोळंबल्या होत्या, भोंगा व्हायला आलेला. जेबेझनं टायटसचा बूट बाजूला सारला.

"रांगेत थांब," म्हणाला, आणि पहिल्या पोरीचा बूट गुडघ्यात धरून झिजलेली नाल उचकटायला लागला.