घर नंबर एक, पाटावर

काकूंनी माझ्या हातातला बक्षिसाचा डबा परत घेतला. हिसकावला नाही. हिसकावला असता तर मी घट्ट धरून ठेवला असता, ओरडले असते. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला, हसत, दुसऱ्या हातात माइक धरून. समोर खुर्च्यांवर अख्खी कॉलनी बसलेली. मी स्टेजवर, दहा वर्षांची. पायात चपला नव्हत्या, कारण त्या स्टेजखाली काढून ठेवल्या होत्या. हे मुद्दाम सांगते. नाहीतर लोक लगेच म्हणतात, बिचारी, अनवाणी होती. बिचारी नव्हते मी. माझा पहिला नंबर आला होता.

गणपतीतली रांगोळी स्पर्धा होती. फरशीवर खडूनं चौकोन आखलेले. एक रिकामा दिसला, मी जाऊन बसले. रांगोळी घालेपर्यंत कुणी काही विचारलं नाही. नाव पुकारलं तेव्हाही नाही. डबा हातात आल्यावर विचारलं.

"कुठं राहतेस गं तू?"

"पाटावर."

"आडनाव काय?"

सांगितलं. काकूंचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. मग त्या माइकवर म्हणाल्या, "स्पर्धा आपल्या कॉलनीपुरती आहे. बाहेरच्या मुलांनी पुढच्या वेळी लक्षात ठेवावं." आणि मला, माइक बाजूला करून, "प्रसाद घेऊन जा हं."

दुसरा नंबर त्यांच्याच मुलीचा होता. डबा तिला गेला. स्टीलचा डबा, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, 'रांगोळी स्पर्धा, प्रथम क्रमांक'. स्टेजवर उभी असताना मी ते तीनदा वाचलं होतं.

पाट म्हणजे धरणाचा जुना कालवा. त्यातलं पाणी कधीच बंद झालं. नंतर तो बुजवला आणि कॉलनीवाल्यांना सकाळी चालायला त्यावर ट्रॅक केला. पाणी गेलं, पाट गेला. पण पाटाच्या अलीकडचे आणि पलीकडचे तसेच राहिले. पलीकडं आमची बासष्ट घरं, त्या वस्तीलाच पाट म्हणतात. बापे अंबडच्या कंपन्यांत हेल्पर, बाया कॉलनीत धुणीभांडी करणाऱ्या. मधे कॉलनीची भिंत, आणि त्या भिंतीत हातगाडी जाईल एवढी मोकळी जागा. आम्ही तिला नुसतं वाट म्हणतो. शाळा, दवाखाना, बस, सगळं त्या वाटेनं.

माझी आई काकूंकडेच भांडी घासायची. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवसापासून तो डबा तिच्या हाताखाली आला. पुढं कितीतरी वर्षं ती तो घासत होती. आईला वाचता येत नाही. झाकणावर काय कोरलंय ते तिनं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी मी रडत घरी आले तर मलाच ओरडली. "खरं कशाला सांगत बसली तू? कॉलनीत ऱ्हाते म्हनायचं. मागंच तर हाय आपलं घर."

मागे. हा आमचा पत्ता. शाळेच्या फॉर्मवर कॉलनीचं नाव आणि पुढं 'मागे'. गॅसच्या पुस्तकावर मागे, बँकेत मागे, लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा मागे. पाटावर कुणीच राहत नव्हतं. सगळे कशाच्या तरी मागे राहत होते. मीही राहिले. लग्न झाल्यावरही तिथंच, आईपासून दोन घरं सोडून.

आता मी आशा सेविका म्हणून काम करते. पोलिओची फेरी असली की आम्ही घरोघरी जातो. डोस दिला की दारालगत भिंतीवर खडूनं खूण करायची. घर नंबर, तारीख आणि बाण. बाण पुढच्या घराकडं. मागून तपासायला येणारा माणूस बाण बघत बघत चालतो, एकही घर सुटत नाही. आणि फेरीच्या आधी भागाचा नकाशा काढायचा. कुठून सुरुवात, कुठं शेवट, कुठून कुठं जायचं. कॉलनी आणि पाट मिळून माझा एक भाग आहे. नकाशा माझ्याच हातचा. माझं अक्षर चांगलं आहे, रेघ सरळ येते. दवाखान्यातल्या आमच्या सिस्टर तो सगळ्यांना दाखवायच्या.

गेल्या महिन्यात काकूंच्या मुलानं बोलावलं. तो आता सोसायटीचा अध्यक्ष आहे. मी त्याला लहानपणापासून दादा म्हणते. तो मला, हिराबाईंची मुलगी.

हॉलमध्ये सोफ्यावर काकू बसलेल्या. आता पार थकल्यात, ऐकायलाही कमी येतं. मी दाराशी उभी राहिले तर दादा म्हणाला, "बस ना. परकी आहेस का तू? आमच्या घरातच वाढलीस."

घरात नाही, मागच्या ओट्यावर वाढले. तरी आत जाऊन बसले.

त्यानं टाइप केलेला कागद पुढं केला. सदर वस्तीचा कॉलनीशी काही संबंध नाही. वस्तीला नाल्याच्या बाजूने स्वतंत्र रस्ता आहे. भिंतीतील मोकळ्या जागेतून कोणाचीही वहिवाट नाही. खाली माझं नाव, आरोग्य स्वयंसेविका, आणि सहीला जागा.

"वाट बुजवायची आहे," तो म्हणाला. "अर्ज दिलाय. शुक्रवारी मनपाचे इंजिनिअर पाहणीला येतील. तुझी सही असली की विषय संपला. तू दोन्हीकडची ना."

"नाल्याच्या बाजूनं रस्ता नाहीये, दादा. नाल्यावर पाइप टाकलाय. त्यावरून माणूस एकेरी जातो."

"माणूस जातो ना? मग झालं. चोऱ्या होतात गं इकडं."

"आमच्या लोकांनी केल्या?"

"तसं कुठं म्हणतोय मी. पण हद्द म्हणजे हद्द. तुमची तुमच्याकडं, आमची आमच्याकडं."

मागच्या वर्षी आई पडली, खुबा मोडला. चौघांनी तिला खुर्चीत बसवून त्याच वाटेनं कॉलनीच्या रस्त्यावर आणलं. तिथं रिक्षा उभी होती. पाइपवरून खुर्ची गेली नसती. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "एखाद्या वेळी काही लागलं तर आम्ही आहोतच की." म्हणजे वाट नाही, उपकार. मागायचा, आणि द्यायचा की नाही ते यांनी ठरवायचं.

मी म्हटलं, सही नाही करणार. तेव्हा त्यानं मोबाइल काढला.

"हा नकाशा तुझाच ना?"

माझाच होता. पोलिओच्या बूथवर चिकटवलेला, त्यानं त्याचा फोटो काढून ठेवला होता.

"यात वाट कुठंय ते दाखव मला."

मी बघितलं. नव्हती.

कॉलनीचा एक कागद. भिंत पट्टीनं काढलेली, दुहेरी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत बंद. पाटावरची घरं दुसऱ्या कागदावर. वर ठळक अक्षरात मीच लिहिलेलं, 'कॉलनीच्या मागे'. पहिल्या कागदावर शेवटचा बाण भिंतीपाशी संपत होता. दुसऱ्यावर पहिला बाण कुठूनच येत नव्हता. रोज चार वेळा ज्या वाटेनं मी जाते, ती मी काढलीच नव्हती.

विसरले असं सांगता आलं असतं. खोटं आहे ते. नकाशा सगळ्यांना दाखवला जाणार हे मला माहीत होतं. कॉलनीच्या चौकोनी बंगल्यांच्या शेजारी आमची वेडीवाकडी घरं एका कागदावर नको वाटली. मला लाज वाटली. म्हणून कागद वेगळा केला, आणि वेगळ्या कागदावर जायला वाट लागत नाही. ज्या भिंतीसाठी हे लोक इंजिनिअर बोलवत होते, ती मी त्यांच्याआधी बांधून दिली होती. फुकटात. पट्टी लावून.

दादाचा राग आला, पण त्याहून स्वतःचा आला.

"तुझ्याच हातचा पुरावा आहे," दादा म्हणाला. "सही केलीस काय, नाही केलीस काय. पण आपली माणसं म्हणून बोलावलं."

काकूंना काय चाललंय ते अर्धंच कळत होतं. त्या म्हणाल्या, "कर गं सही. आईला विचार, आम्ही कधी काही कमी केलं का. चिवडा घे." आणि टीपॉयवरचा डबा माझ्याकडं सरकवला.

तोच डबा. कडा चेपलेल्या, झाकण घासून घासून पांढरं पडलेलं. पण ठिपके होते. प्रथम क्रमांक.

"काकू," मी मोठ्यानं म्हटलं, "हा डबा माझा आहे."

"काय?"

"रांगोळीत माझा पहिला नंबर आला होता. तुम्ही परत घेतला."

त्यांना आठवेना. खरंच आठवेना, नाटक नव्हतं ते. माझ्या आयुष्यातला तो दिवस त्यांच्या आयुष्यात झालाच नव्हता. त्या म्हणाल्या, "असेल बाई. एवढ्याशा गोष्टी काय लक्षात ठेवतेस? हवा तर घेऊन जा. रिकामा करून देते."

एकदा घेताना हसल्या, आता देताना हसल्या. घ्यायचा त्यांनी, द्यायचा त्यांनी. मी कागद उचलला, सही न करता डब्याखाली सरकवला आणि उठले.

"डबा राहू द्या," म्हटलं.

दादा मागून म्हणाला, "विचार कर. तुझ्या वरच्यांशी माझी ओळख आहे."

"सांगा त्यांना," मी म्हटलं.

त्यांच्या गेटच्या खांबावर मागच्या फेरीची माझी खूण होती. घर नंबर, तारीख. बाण मात्र कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसलेला, कारण तो पाटाकडं होता. मी पिशवीतून खडू काढला आणि तो पुन्हा काढला. वॉचमन बघत होता. तोही पाटावरचाच, आमच्या गल्लीतला. दुसऱ्या दिवशी बाण पुसलेला होता. कुणी पुसायला लावला ते मला कळलं. वॉचमनला मी काही म्हटलं नाही. परत काढला.

मग घरी बसून नवीन नकाशा केला. एकच कागद. मोठा. या वेळी सुरुवात कॉलनीच्या देवळापासून केली नाही. पाटाच्या टोकाला रद्दीवाल्या मावशींची खोली आहे, पत्र्याची, दाराला पडदा. ते घर नंबर एक. तिथून बाण एकेक दार घेत बासष्टपर्यंत आणला. मग भिंत काढली, आणि भिंतीत जागा सोडली. त्या जागेत लिहिलं, वाट. बाण त्या वाटेतून कॉलनीत गेला. वाटेनंतरचं पहिलं घर दादाचं. नंबर त्रेसष्ट. आणि वस्तीच्या नावाच्या जागी 'मागे' लिहिलं नाही. लिहिलं, पाट.

सिस्टरकडं नेला. त्यांनी बराच वेळ बघितला. "उगाच वाद ओढवून घेतेस," म्हणाल्या. "पण चालायला हाच बरोबर आहे." आणि सही केली, शिक्का मारला.

आई चिडलीय. "त्यांचं मीठ खाल्लंय आपन," म्हणते. मी तिला डब्यावर काय कोरलंय ते सांगितलं. इतक्या वर्षांनी. ती स्वतःचे तळहात बघत बसली. मग म्हणाली, "मला वाटायचं नक्षी हाय." त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ती कुणावर रागावलीय ते मला अजून कळलेलं नाही.

उद्या शुक्रवार. इंजिनिअर येतील, दादा येईल, सोबत कॉलनीतले चारजण असतील. मी नकाशा घेऊन वाटेत उभी राहणार आहे. बाजूला नाही, वाटेत. कदाचित नकाशा बघतील, कदाचित बघणारही नाहीत. काम जाईल कदाचित. भिंत बांधलीच, तर पुढच्या फेरीला त्या नव्या सिमेंटवर पाटाकडच्या अंगानं बाण काढेन, आणि पुसला तर पुन्हा काढेन.

ते विचारतील, तुम्ही कुठं राहता? विचारतातच. आडनावही विचारतील. दोन्ही सांगेन, मोठ्यानं.

पाटावर राहते. घर नंबर नऊ. कॉलनी त्रेसष्टपासून सुरू होते.