गयाआत्यांच्या दारातल्या चपला

गयाआत्या गेल्याचा फोन आला, तेव्हा मी नेमका त्यांचाच किस्सा मित्रांना रंगवून सांगत होतो. तो अर्धवट राहिला... आज महिन्याभरानं पूर्ण करतो.

पुंडलिकनगरात आमच्या भिंतीला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर. लोकांकडं पोळ्या लाटून एकटीचं चालायचं. देवगाव रंगारीचे भाऊ-भावजय वर्षभरात गेले, तशा आत्या आरती आणि निकिता या दोन्ही भाच्यांना घरी घेऊन आल्या. नातलग म्हणाले, "तुला झेपायचं नाय, वसतिगृहात घाल." नातेवाइकांकडं वाढणाऱ्या लेकरांना सरकारच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा मदत मिळते, हे मी शोधून काढलं. अर्जही मीच भरला. मदत मिळाली तरच पोरी घरात राहणार होत्या.

मग घर बघायला बालकल्याण समितीकडून मॅडम येणार असं कळलं. "घर आरशासारखं ठेवा," हा सल्लाही माझाच. आत्यांनी तो जरा जास्तच मनावर घेतला. पोरी शाळेत गेल्यावर त्यांचे फ्रॉक, वह्या, चपला, रिबिनी, सगळं पेटीत कोंबलं आणि वर पांढरी चादर घातली. मॅडमनी विचारलं, "मुलींचं काहीच कसं दिसत नाही?" आत्या ऐटीत म्हणाल्या, "आमच्यात पसारा चालत नाय."

अहवाल आला : मुली इथं राहत असल्याच्या खुणा दिसल्या नाहीत.

आत्यांनी दोन दिवस माझ्या नावानं भांडी आपटली. समितीपुढं बोलावणं आलं, तेव्हा पोरी, मी आणि एक भलंमोठं गाठोडं घेऊन निघाल्या. तिथं टेबलावर गाठोडं सोडलं. मळके गणवेश, केस अडकलेला कंगवा, चावलेल्या पेन्सिली, एक मोजा...

"हे आमचं खरं घर. त्या दिवशी या शहाण्याचं ऐकलं मी," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

समितीतल्या बाईंनी मोजा उचलला. "याचा जोडीदार?"

आठ वर्षांची निकिता म्हणाली, "हरवला. आत्या लई वरडल्या."

सगळे हसले. आणि अर्ज मंजूर झाला. परतताना आत्या रिक्षात अशा बसल्या होत्या, जणू शहर जिंकून निघाल्यात.

तेव्हापासून त्या घरात चपला कधी ओळीत लागल्या नाहीत. "सरकार कधी बी येईल," आत्या म्हणायच्या. आता आरती नर्स आहे, निकिता कॉलेजात.

तेराव्याला मी सवयीनं दारातल्या चपला नीट लावू लागलो. निकिता बाहेर आली आणि तिनं पायानंच त्या उधळल्या.

"काका, तुमचं ऐकून एकदा फसलोय आम्ही."

मी बाजूला झालो. पसाऱ्यात आत्यांची निळ्या पट्ट्यांची जोडीही होती... एक इकडं, एक तिकडं.