घुसखोरीवरचं माझं भाषण

देवासला आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी मुलांची वादविवाद स्पर्धा व्हायची. हिंदी शाळेत शिकणाऱ्या आम्हा पोरांचं मराठी पार वाया जाऊ नये, एवढाच तिचा हेतू. मी अकरावीत असताना विषय होता, घुसखोरांमुळे आपला रोजगार बुडतो का. मला 'बुडतो' या बाजूने बोलायचं होतं. आणि पहिलं यायचंच होतं.

पाठ केलेलं भाषण मिळमिळीत वाटत होतं, म्हणून मी उदाहरण शोधलं. आमच्या क्वार्टर्समागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक बंगाली मूर्तिकार राहायचा. मंडळाची मूर्तीही त्याचीच. तो स्वस्तात द्यायचा आणि गावातल्या कुंभारांच्या मूर्ती पडून राहायच्या, हे खरं होतं. तो सीमेपलीकडून आलाय, हे मात्र मी ठोकून दिलं. त्याच्या पत्रांवर पत्ता मीच लिहून द्यायचे. त्याचं गाव नदिया जिल्ह्यात, म्हणजे भारतातच, हे मला पक्कं ठाऊक होतं. आम्ही स्वतः बाबांच्या कारखान्यातल्या नोकरीपायी साताऱ्याहून इथे आलेलो, तेही सोयीस्करपणे विसरले.

तो मागच्या रांगेत बसला होता. मराठी त्याला ओ की ठो कळत नव्हतं. मला तो दीदी म्हणायचा; दीदी बोलतेय म्हटल्यावर सगळ्यांत जोरात टाळ्या त्याच्याच. मला त्या टाळ्यांचीसुद्धा लाज वाटली नाही.

पहिलं बक्षीस मिळालं. विसर्जन झालं आणि मंडळातल्या दोघा काकांनी पोलीस ठाण्यात जाऊन तो घुसखोर असल्याचं कळवलं. त्याची कागदपत्रं गावी होती. इथे तुला ओळखतं कोण, असं विचारल्यावर तो शिपायाला घेऊन थेट आमच्या घरी आला.

"बिटिया, इसका गाँव कहाँ है, मालूम है?" शिपायाने विचारलं.

"अरे भिया, बच्ची है, उसको क्या पता," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले, "ठाऊक आहे का गं तुला काही?"

तो फाटकाशी उभा राहून माझ्याकडे बघत होता, अगदी निर्धास्त.

"नहीं मालूम," मी म्हटलं.

गावाहून कागद येईपर्यंत त्याला ठाण्यात बसवून ठेवलं. सुटला, पण त्याच्याकडे मूर्ती सांगायला कुणी जाईना. पुढच्या वर्षी मंडळाने मूर्ती इंदूरहून आणली. ज्यांच्या रोजगारासाठी मी घसा फोडून ओरडले होते, त्या कुंभारांकडे कुणी फिरकलंही नाही.

शेड सोडून जाण्याआधी तो आईचा निरोप घ्यायला आला. मी आतल्या खोलीत दाराआड उभी होते.

"दीदी को मत डाँटना, भाभीजी. पुलिस से तो सब डरते हैं."

पोलिसांना मी जराही घाबरले नव्हते. मला भीती होती ती फक्त माझं खोटं भाषण उघडं पडण्याची.