चंपी जेवेना

जिनिंगमध्ये नोकरी केली की अंगाला कापूस चिकटतो, तसे किस्सेही चिकटतात. कापूस झटकला की जातो. मलकापूरच्या आमच्या जिनिंगमधली चंपी मात्र अजून डोक्यातून जात नाही. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले. मी तिथे कारकून होतो आणि चंपी सरकीच्या गोदामातली मांजर. उंदरांपासून पोती राखणं हे तिचं काम.

*

मॅनेजर नानासाहेबांचं मत असं, की उपाशी मांजर उंदीर जास्त धरते. त्यांनी चंपीचं दूध बंद केलं. चंपीने उंदीरही सोडले! पोत्यावर बसून ती त्यांची ये-जा नुसती बघायची. घाबरून दूध पुन्हा सुरू केलं, तर ती तोंड लावेना. पोट पाठीला लागलं.

*

फिटर सखारामने घरच्या म्हशीचं दूध आणलं. चंपीने वास घेतला आणि घाण झाकावी तशी पंजाने वाटीभोवती माती उकरू लागली. सखारामचा चेहरा उतरला.

"लेकरायच्या वाटचं दूध आनलं म्या," तो म्हणाला, "अन् हे त्याले गाडून राह्यली."

*

कापूस निवडणाऱ्या गोदावरीबाईंना वाटलं, दृष्ट लागली. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून बॉयलरच्या तोंडाशी निखाऱ्यांवर टाकल्या. ठसका लागून फायरमन बाहेर पळाला. चंपी एकदा शिंकली आणि झोपली.

*

मग इंजिन ड्रायव्हर करीमचाचांनी सुकी मासळी आणली. नेमके नानासाहेब आले, नाकाला उपरणं लावून. वास कसला, म्हणून विचारलं.

"दवा है, साहब," करीमचाचा शांतपणे म्हणाले.

नानासाहेब मुकाट्याने गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच इंजिनखोलीत डोकावून हळूच विचारलं, दवा लागू पडली का? पडली नव्हती.

*

नानासाहेब कोणाच्या पंक्तीला बसत नसत. ऑफिसचं दार लावून एकटेच जेवत. एका दुपारी ते दार उघडं, आत कोणी नाही. शोधत आम्ही चौघं गोदामात गेलो, तर ते पोत्यावर बसलेले. एक घास स्वतः खायचे, एक चंपीपुढे ठेवायचे. ती त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि मग खायची. साधी दूध-पोळी!

"उभे राहू नका, ती खायची थांबते," ते कुजबुजले. "आपापल्या भाकरी घेऊन या."

आम्ही बसलो. करीमचाचा संकोचून दूर, दाराशी बसले. चंपीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि खाणं थांबवलं. नानासाहेबांचा हातही थांबला.

मग त्यांनी लोणच्याची बरणी पुढे सरकवली.

"करीमभाई, जवळ या," ते म्हणाले. "तिला जेवू द्या."